नदीकाठच्या हिरवळीचा हिशेब

नदीकाठच्या वनस्पतींची नोंद कशी ठेवावी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून काहींना वाटेल की, हा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रांत. त्यात शाळेतल्या एका शिक्षिकेने का पडावे? ही शंका रास्त आहे. म्हणून ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे वळले, तो प्रसंगच प्रथम सांगते.

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात, मिंढोळा नदीच्या काठी, काही वर्षांपूर्वी वेड्या बाभळीचे एक दाट रान यंत्र लावून साफ करण्यात आले. इकडे या झाडास गांडो बावळ म्हणतात. पुढच्याच पावसाळ्यात तेथला काठ खचला आणि त्याबरोबर एका शेतकऱ्याच्या उसाच्या काही सऱ्याही नदीत गेल्या. मग गावात दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, बाभळीच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. ती मुळे उपटली म्हणून काठ गेला. दुसरा म्हणे, बाभळीखाली गवताची काडी उगवत नव्हती, माती कधीच उघडी पडली होती. काठ आज ना उद्या जायचाच होता. वाद इतका वाढला की, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. एके दिवशी काही पालक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दर वर्षी मुलांना घेऊन नदीवर जाता. झाडे तोडण्यापूर्वी त्यांच्याखाली गवत होते की नव्हते, एवढे सांगा."

मला सांगता आले नाही. माझ्यापाशी सहलीची दोन छायाचित्रे होती. एकात मुलांचे चेहरे होते, दुसऱ्यात नदीचे पाणी होते. इतकी वर्षे मी त्या काठावरून चालले. पण त्या जमिनीवर काय उगवले होते, हे छातीवर हात ठेवून सांगावे एवढी एकही नोंद माझ्या वहीत नव्हती. त्या दिवशी मला जी शरम वाटली, तिच्यातून पुढचा सारा उद्योग सुरू झाला.

मिंढोळा ही काही तापीसारखी नावाजलेली नदी नव्हे. सोनगड तालुक्यात डोसवाड्याजवळ ती उगम पावते आणि व्यारा, बारडोली, पलसाणा अशी सुमारे १०५ किलोमीटरांची वाट चालून सुरतेच्या दक्षिणेस अरबी समुद्राला मिळते. दोन्ही बाजूंस काळी जमीन. काक्रापार आणि १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी भिजलेली. त्यामुळे ऊस अगदी काठापर्यंत येऊन ठेपला आहे. दुसरीकडे कडोदरा-पलसाणा या पट्ट्यात कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने उभे राहिले. आमच्या खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्यांवर पोट भरतात. त्यांचीच मुले माझ्या वर्गात बसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मिंढोळ्याचे नाव आले. ऊस आणि कारखाना यांच्यामध्ये जो चिंचोळा पट्टा उरला आहे, तोच या नदीचा काठ. तेथे करंज, उंबर आणि शिंदी आहेत, पाणकणीस आणि नागरमोथा आहे. आणि बाहेरून आलेली वेडी बाभूळ, बेशरम व जलपर्णीही आहे.

अशा काठाचे काय करावयाचे, याची तीनच उत्तरे संभवतात. काही तोडावे, काही लावावे किंवा काहीच न करता निसर्गावर सोपवावे. यांपैकी कोणतेही उत्तर चूक ठरू शकते. वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातील. १९६१ साली कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात खारी जमीन पसरू नये म्हणून वनखात्याने ती लावली. हेतू चांगलाच होता. पण आज त्याच बन्नीचे विस्तीर्ण गवताळ रान तिने गिळून टाकले आहे. आपण जे करतो त्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्याची व्यवस्था करणीच्या आधीच झाली पाहिजे, हा त्यातला धडा होय.

परंतु पाहणे म्हणजे नेमके काय करणे? येथे मला एक गोष्ट कळली, आणि तीच आज मला आपणांपुढे मांडावयाची आहे. काठाची मोजणी करण्यापूर्वी मोजण्याच्या पद्धतीचीच परीक्षा घ्यावी लागते. वाणसामान घेण्यापूर्वी चोख गिऱ्हाईक तराजूचा काटा पाहते, तसेच हे आहे. काट्यातच खोट असेल, तर पुढच्या साऱ्या वजनांना काय अर्थ?

आमची पहिली परीक्षा नावांची झाली. मुलांना वाटे की, नाव सांगणे तर सोपे. पण त्याच एका गवतास खानदेशातला मुलगा एक नाव देई, स्थानिक मुलगी दुसरे, आणि मी मूळची वसईची असल्यामुळे माझ्या तोंडी तिसरेच येई. तेव्हा आम्ही नियम केला की, ज्या वनस्पतीचा नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, वाळवून, तारीख आणि जागा लिहून ठेवला नाही, तिचे नाव यादीत लिहावयाचे नाही. हा नियम आमचा नव्हे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लाटर यांच्या नावाने जो वनस्पतिसंग्रह आहे, तो याच नियमावर उभा आहे. त्याच महाविद्यालयातले फादर सांतापाव हे स्पेनमधून आलेले जेझुइट धर्मगुरू. खंडाळा आणि पुरंदर येथील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले, आमच्या शेजारच्या डांगच्या अरण्यावरही लिहिले, आणि पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची धुरा वाहिली. त्याही आधी, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरत जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे काम आज तपासून पाहता येते, याचे कारण त्यामागे वाळलेले नमुने आहेत.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. आम्ही बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब व तेवढीच रुंद अशी चौकट केली. ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात पाउंड आणि क्लेमेंट्स या दोघा तरुणांनी १८९८ साली असे दाखवून दिले की, माळावर नुसते उभे राहून केलेला अंदाज फसवा असतो. जमिनीचा ठरावीक तुकडा आखून त्यातील झाडे मोजली, तर निराळेच उत्तर मिळते. या दोघांपैकी पाउंड पुढे वनस्पती सोडून कायद्याकडे वळले आणि मोठे न्यायशास्त्रज्ञ झाले. साक्षीपुराव्याचे महत्त्व त्यांना गवतानेही शिकविले असेल, असे मला उगीचच वाटते.

चौकट जमिनीवर ठेवली आणि आठ मुलांना सांगितले की, आतील किती जागा हरळीने व्यापली आहे ते एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या उघडल्या. कोणी पाव लिहिले होते, कोणी निम्मे आणि एका मुलीने पाऊण. गवत तेच, चौकट तीच, वेळही तीच! आता कल्पना करा की, यंदा पाव लिहिणारा मुलगा नोंद घेतो आणि पुढच्या वर्षी पाऊण लिहिणारी मुलगी. आम्ही मोठ्या आनंदाने जाहीर केले असते की, हरळी एका वर्षात तिप्पट झाली. काठावर मात्र एक काडीही वाढलेली नसती.

स्वित्झर्लंडचे ब्राउन-ब्लांके यांनी १९२८ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातील श्रेण्यांचा येथे उपयोग होतो. शेकडा ५ पर्यंत एक श्रेणी, मग २५ पर्यंत, ५० पर्यंत, ७५ पर्यंत आणि त्यापुढे शेवटची. श्रेण्या मोठ्या असल्यामुळे लहानसहान मतभेद त्यांत विरून जातात आणि काम झपाट्याने होते. पण त्याचे मोलही द्यावे लागते. शेकडा २६ वरून ४९ पर्यंत गवत वाढले, तरी श्रेणी बदलत नाही. ते २४ वरून २६ झाले, की बदलते. म्हणून आम्ही ठरविले की, पहिल्या पाहणीसाठी श्रेण्या पुरेत. पण वाद मिटविण्यासाठी त्या पुरणार नाहीत.

तिसरी परीक्षा टोकाची. न्यूझीलंडमध्ये कुरणांचा अभ्यास करणाऱ्या लेव्ही आणि मॅडन यांनी १९३३ साली एक साधी पद्धत सांगितली. अणकुचीदार काडी उभी खाली सोडावयाची आणि ती प्रथम कशाला लागते एवढेच लिहावयाचे. गवत, पाला की उघडी माती? येथे अंदाज नाही. हो किंवा नाही, एवढेच उत्तर. मुलांनी सायकलच्या चाकाच्या जुन्या ताराच घेतल्या. दोन तुकड्यांनी एकच जागा वेगवेगळी मोजली तेव्हा त्यांची उत्तरे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच जवळ आली. वेळ मात्र कितीतरी पट लागला आणि कंबरा दुखू लागल्या.

येथेही एक खोच आहे, ती आमच्या गणिताच्या गुरुजींनी दाखविली. समजा, काठाचा बरोबर निम्मा भाग गवताने झाकला आहे आणि आपण शंभर ठिकाणी, वाटेल तशी विखुरलेली, काडी सोडली. तर पन्नास वेळा गवत लागेलच असे नाही. केवळ योगायोगाने ते उत्तर चाळीस ते साठ यांच्या दरम्यान कोठेही पडू शकते. अर्थात यंदा ४७ आणि पुढच्या वर्षी ५३ आले, तर गवत वाढले असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. तो योगायोग निम्म्यावर आणावयाचा, तर काड्या दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. किती बारीक बदल आपणांस पकडावयाचा आहे, हे आधी ठरवावे आणि मगच घाम किती गाळावयाचा ते ठरवावे.

शिवाय काड्या कोणत्या दिशेने सोडावयाच्या? आमची पहिली दोरी आम्ही नदीला समांतर धरली, कारण तसे चालणे सोपे. परंतु काठावरच्या वनस्पती पाण्यापासूनच्या उंचीप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी वाढतात. पाण्यालगत पाणकणीस, त्यावर नागरमोथा, मग हरळी, आणि माथ्यावर करंज किंवा बाभूळ. समांतर दोरी एकाच पट्ट्यातून धावते आणि बाकीचे जग तिला दिसतच नाही. म्हणून दोरी पाण्याच्या कडेपासून काठाच्या माथ्यापर्यंत आडवी धरावी. दोरीचा किती भाग कोणत्या झुडपाने झाकला, हे मोजण्याची रीत अमेरिकेतील कॅनफील्ड यांनी १९४१ साली दिली. बाभळीसारख्या झुडपांना ती फार सोयीची पडते.

चौथी परीक्षा जागेची, आणि तीत आम्ही सपशेल नापास झालो. ज्या जागा मोजल्या, तेथे खुणेसाठी बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. महिन्याभराने गेलो तो एकही खुंटी जागेवर नाही. मुले चोर शोधू लागली. तेवढ्यात जळणाचा भारा घेऊन येणारी एक वृद्ध हळपती बाई हसून म्हणाली, "बेन, सुके लाकूड काठावर ठेवाल, तर ते चुलीतच जाणार." तिचे काय चुकले? जिला रोज चूल पेटवावयाची आहे, तिच्या वाटेत आम्ही जळण पुरून ठेवले होते. तेव्हापासून आम्ही खुंटी ठोकत नाही. पुलाचा खांब, जुना उंबर, पंपघराचा कोपरा अशा न हलणाऱ्या दोन खुणांपासून फितीने अंतर मोजतो, होकायंत्राने दिशा पाहतो आणि वहीत लिहितो. छायाचित्रही ठरावीक ठिकाणी उभे राहून, ठरावीक दिशेस, त्याच महिन्यात घेतो. असे छायाचित्र टक्केवारी सांगत नाही. पण काठ खचला की नाही, झाड होते की नाही, याची साक्ष त्याच्याइतकी चोख दुसरी कोणी देत नाही.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल, की उपग्रहांच्या या युगात ही दोरी-काडीची कसरत कशाला? आम्ही त्याचीही परीक्षा घेतली. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यातील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक हजार चौरस फुटांचा असतो. आमचा काठ पुष्कळ ठिकाणी तेवढाही रुंद नाही. त्यामुळे एकाच ठिपक्यात थोडे पाणी, थोडा काठ आणि थोडा ऊस यांची खिचडी होते. त्याहून मोठी गंमत अशी की, उपग्रहास हिरवे ते सारे हिरवेच. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी नदीचा श्वास कोंडीत असते, तेव्हा आकाशातून पाहणाऱ्यास वाटते की, काय ही हिरवीगार नदी! उसाची तोड झाली, की काठ उजाड झाल्यासारखा दिसतो. संपूर्ण खोऱ्याचे चित्र पाहण्यासाठी उपग्रह अमोल आहे. परंतु करंजाचे रोप आणि बेशरमाचे झुडूप यांतला भेद कळावयाचा, तर जमिनीवर उतरावेच लागते.

सर्वांत महत्त्वाचा धडा पुन्हा त्याच वृद्ध बाईने दिला. आमची काडीची मोजणी चालली असता ती बाजूला बसून पाहत होती. शेवटी तिने विचारले, "बेन, एवढे सगळे लिहिलेत. ही बाळे लिहिली का?" आणि तिने बोटाने झुडपाचा पाला दूर सारला. खाली करंजाची चार-पाच रोपे होती, वीतभर उंचीची. आमच्या पद्धतीत काडी प्रथम ज्याला लागते तेवढेच लिहिले जाई. म्हणून वरचा पाला वहीत आला आणि खालची रोपे सुटली. उद्या या काठावर कोणते रान उभे राहणार, हे ज्यांवर अवलंबून, तीच आमच्या हिशेबात नव्हती! यंत्र फिरले असते, तर बाभळीबरोबर तीही गेली असती, आणि कोणाला त्यांचा पत्ताही लागला नसता. तेव्हापासून आमच्या वहीत रोपांसाठी निराळे पान आहे, आणि काठावर रोज येणाऱ्या माणसास विचारल्याखेरीज आम्ही कोणतीही पद्धत पुरी समजत नाही.

श्रोतेहो, इतक्या परीक्षांनंतर आम्ही काय ठरविले, ते थोडक्यात सांगते. एकच एक पद्धत सर्वगुणसंपन्न नाही. वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडी, ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे. पाण्यापासून माथ्यापर्यंतच्या आडव्या दोऱ्यांवर काडीची मोजणी. झुडपांसाठी दोरीवरील लांबी. रोपांची स्वतंत्र गणती. आणि दर खेपेस काही जागा दोन तुकड्यांकडून वेगवेगळ्या मोजून घेणे. हे शेवटचे कधीही सोडू नये. कारण दोन तुकड्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून मोठा फरक दोन वर्षांत दिसला, तरच तो नदीचा. नाहीतर तो आमचा.

आपण विचाराल, मग त्या गावातल्या वादाचे काय झाले? तो मिटला नाही. गेलेल्या काठाची मोजणी आता कोणालाही करता येणार नाही, आणि मी कोणत्याच पक्षाची साक्षीदार होऊ शकत नाही, हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितले. मात्र त्याच काठावर पुढे आणखी बाभूळ काढण्याचा विचार निघाला, तेव्हा मी गावकऱ्यांपुढे एक विनंती ठेवली. सारा काठ एकदम साफ करू नका. एक तुकडा साफ करा, एक तुकडा साफ करून त्यावर करंज व वाळा लावा, आणि एक तुकडा जसा आहे तसाच राहू द्या. तिन्ही तुकडे तोडण्यापूर्वी मोजू, आणि पुढे तीन पावसाळे मोजू. न तोडलेला तुकडा शेजारी नसेल, तर काठ तोडण्यामुळे गेला की पुरामुळे, हे पुन्हा कोणालाच सांगता येणार नाही, आणि आजचे भांडण आपण आपल्या मुलांना वारशाने देऊ.

एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तीन पावसाळे म्हणजे फार झाले." खरे आहे. ज्याचा ऊस काठाला आहे, त्याला तीन पावसाळे फारच. पण ज्याच्या उसाच्या सऱ्या वाहून गेल्या होत्या, तोच शेतकरी शेवटी उठला आणि म्हणाला, "मोजा. माझ्या वेळी कोणी मोजले नव्हते." त्या बैठकीत निर्णय झाला नाही, परंतु पहिल्या मोजणीस परवानगी मिळाली, आणि ती आम्ही पुरी केली.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. अशी नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. दर वर्षी तिच्यात चार पाने नवी पडली, आणि ती त्याच जागेची, त्याच पद्धतीने, पारखून घेतलेल्या काट्याने मोजलेली असली, तरच ती गावाच्या उपयोगी पडेल. आपल्या गावाशेजारी नदी असेल, ओढा असेल, निदान एखादा नाला असेल. एक चौकट, एक दोरी, एक काडी आणि एक वही, एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. माझ्या वहीचे पहिले पान लिहिणारी मुले शाळा सोडून जातील. पुढच्या इयत्तेतली मुले तीच पाने उघडून, उंबरापासून फीत लावून, त्याच जागी उभी राहतील. त्यांना कोणी विचारले की येथे पूर्वी काय होते, तर त्यांना माझ्यासारखे खाली पाहावे लागणार नाही.